मासे नीट शिजवूनही पोट बिघडतं? या चुका टाळा

खळखळून उकळलं की काम झालं, हा समज अर्धाच खरा. उष्णतेने जीवाणू मरतात, पण त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष प्रत्येक वेळी नष्ट होत नाही.

बांगडा, तारली, ट्यूना या माशांच्या मांसात हिस्टिडीन हा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाविना पडून राहिला की जीवाणू या हिस्टिडीनचं हिस्टामीन, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात. मग तळा, उकळा नाहीतर गोठवा, ते तसंच राहतं. वासावरूनही कळेलच असं नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. अनेक जण याला माशाची अ‍ॅलर्जी समजून मासा कायमचा सोडतात. खरा दोष कमी पडलेल्या बर्फाचा असतो.

म्हणून मासे खरेदीच्या शेवटी घ्या, बर्फात घालून आणा आणि फ्रिजमध्ये 4 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवा. बाहेर जास्तीत जास्त 2 तास. हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तास.

गोठवलेला मासा ओट्यावर वितळवू नका. आतला भाग बर्फासारखा असतानाच बाहेरच्या थरात जीवाणू वाढू लागतात. रात्रभर फ्रिजमध्येच ठेवा. व्हॅक्यूम पॅक असेल तर आधी कापून उघडा: बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे काही जीवाणू हवा नसताना फ्रिजच्या थंडीतही वाढतात.

कालवं आणि शिंपले पाणी गाळून त्यातलं अन्न घेतात, त्यामुळे पाण्यातले व्हिब्रिओ जीवाणू आणि उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस त्यांच्यात साठतात. लिंबू पिळून ते मरत नाहीत. शिंपलं उघडल्यावरही 3 ते 5 मिनिटं उकळू द्या. न उघडलेलं सरळ फेकून द्या. माशाचा तुकडा आतून 63 अंशांपर्यंत तापला पाहिजे. थर्मामीटर नसेल तर काट्याने पाहा: मांस अपारदर्शक होऊन सहज सुटायला हवं.

आणि कच्चा मासा ठेवलेल्या ताटलीत शिजलेला परत काढू नका. ही चूक सराईत हातांकडूनही होते.

यकृताचा आजार असलेल्यांनी कच्ची कालवं पूर्ण टाळावीत. व्हिब्रिओ व्हल्निफिकस त्यांच्या रक्तात शिरून जिवावर बेतू शकतो. हाच जीवाणू हातावरच्या जखमेतूनही शिरतो, तेव्हा चिरलेल्या बोटाने मासे साफ करायला बसू नका. जखमेभोवती लाली आणि सूज झपाट्याने पसरली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.