यूएसबी डोंगल छोट्या बोर्डाला जोडताना या चुका टाळा

लॅपटॉपवर सुरळीत चालणारा सिमकार्डाचा इंटरनेट डोंगल रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणक-बोर्डावर मध्येच नाहीसा होतो, ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते की आता मी प्रोग्रॅम उघडण्याआधी केबल पाहतो. यूएसबी २.० पोर्टची प्रमाणित मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे; डेटा पाठवताना डोंगलला क्षणभर त्याहून बराच जास्त प्रवाह लागू शकतो.

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागेत आम्ही डोंगलवरून नोंदी पाठवणारे हवामान केंद्र बसवले होते. पानांवरचा ओलावा पाहून डाऊनी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी ठरवायची, असा बेत होता. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये ते आठ दिवस अखंड चालले. बागेत एक रात्रही टिकले नाही. मी तीन दिवस प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसलो आणि नेमक्या पावसाच्या रात्रींची नोंद बागायतदाराला मिळाली नाही, याची खंत मला अजून आहे. वर्कशॉपजवळ मोबाइलचा टॉवर होता, बागेपासून तो दूर होता. सिग्नल क्षीण झाल्यावर डोंगलमधला मोडेम टूजीवर उतरून पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करत होता, आणि टूजीचे प्रक्षेपण दर ४.६ मिलिसेकंदांनी, सुमारे ०.५८ मिलिसेकंदाच्या झटक्यांत होते. मल्टीमीटर सरासरी दाखवत असल्याने त्यावर ४.९ व्होल्ट दिसत होते. क्षणाक्षणाचे व्होल्टेज दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला तेव्हा दोन मीटरच्या बारीक केबलच्या टोकाशी प्रत्येक झटक्याला व्होल्टेज कोसळताना दिसले. तेव्हापासून मी डोंगल स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या यूएसबी हबवरच लावतो आणि केबल वीतभरच ठेवतो.

अनेक डोंगल प्रथम सीडी ड्राइव्ह म्हणून ओळख देतात; यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्रॅम चालल्याशिवाय त्यांतला मोडेम दिसतच नाही, त्यामुळे नवा डोंगल बिघडलेला समजून परत करू नये.

पोर्टचा क्रमांक प्रोग्रॅममध्ये कायमचा लिहू नये. डोंगल सुटून पुन्हा जोडला गेला की शून्य क्रमांकाचे पोर्ट एक क्रमांकाचे होऊ शकते. मी यूडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या भागाचा) नियम लिहून त्याला ठरावीक नाव देतो.

थ्रीजी डोंगलमध्ये जिओचे सिम चालत नाही, कारण ते नेटवर्क पहिल्यापासून फोरजी आहे.

दर तासाला बोर्डाची वीज तोडून पुन्हा सुरू करणारा टायमर लावणे हा उतावीळ नवशिक्यांचा आवडता उपाय मला अजिबात मान्य नाही. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि लिहिणे चालू असताना वीज गेल्यास मेमरी कार्डावरील नोंदीही खराब होतात.