पाणबुडीतला भयपट लिहिताय? या चुका टाळा

पटकथेच्या पहिल्या पानावर दोन आकडे लिहून ठेवा: बाहेर दाब किती आणि आत किती. समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बार (बार हे दाबाचं एकक) दाब वाढतो, म्हणजे पृष्ठभागावरचा १ बार धरून ३०० मीटरवर बाहेर ३१ बार. पाणबुडीच्या आत मात्र किनाऱ्यावर असतो तेवढाच, १ बार. हे आकडे विसरलात की राक्षस कितीही भारी रंगवा, गोष्ट तकलादू वाटायला लागते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोकळ्या हौदापाशी. समुद्रतळावरच्या केंद्रात फरशीला चौकोनी भोक, त्यात काळं पाणी, आणि त्यातून काहीतरी वर येतं. प्रसंग झकास आहे. पण ते पाणी आत का घुसत नाही? आतली हवा त्याला तेवढ्याच जोराने दाबून धरते म्हणून. म्हणजे केंद्राच्या आतही ३१ बार! या दाबाला साधी हवा चालत नाही; नायट्रोजनची नशा चढते आणि ऑक्सिजन विषारी ठरून झटके येतात. म्हणून हेलियम भरतात, ऑक्सिजन जेमतेम दीड टक्का. हेलियममुळे आवाज चिरका होतो, अंगातली ऊब भराभर निघून जाते आणि एवढ्या कमी ऑक्सिजनमध्ये काडीसुद्धा पेटत नाही. तरीही पटकथेत तिथेच आगडोंब उसळतो आणि शेवटी नायिका पाच मिनिटांत वर येऊन मोकळा श्वास घेते. दाब उतरवण्याचा ढोबळ हिशेब असा: दर ३० मीटरला एक दिवस, वर आणखी एक. ३०० मीटरचे अकरा दिवस झाले. घाई केली तर शरीरात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटतो आणि माणूस मरतो.

दुरुस्ती सोपी आहे. हौद नको असेल तर जाड हॅच (घट्ट बंद होणारी झडप) बसवा आणि आत १ बार ठेवा. हौद हवाच असेल तर वरचं सगळं पाळा. आमचं मत विचाराल तर हौद ठेवाच. जहाज डोक्यावर ३०० मीटरवर तरंगतंय आणि तिथल्या डेकवर पाय ठेवायला अकरा दिवस लागणार, ही कोंडी कुठल्याही प्राण्यापेक्षा भयंकर आहे.

गळती दाखवताना नळ सोडल्यासारखी धार नको. ३०० मीटरवर पाणी सेकंदाला सुमारे ७५ मीटर वेगाने आत येतं. एक सेंटिमीटरच्या भोकातून सेकंदाला तीन ते चार लिटर, म्हणजे दहा मिनिटांत दोन टन. त्या धारेवर तळहात ठेवून कोणी ती थांबवू शकत नाही. तिचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो आणि तुषारांचं धुकं इतकं दाटतं की भोक कुठे आहे तेच दिसत नाही. त्यामुळे इथे संवाद लिहू नका. हाताच्या खुणा, बंद होणारं दार आणि पाणबुडी वर आणण्यासाठी बॅलास्ट टाक्यांत (पाणी भरून बोट बुडवतात त्या टाक्यांत) हवा सोडण्याची धडपड एवढं पुरे.

‘ऑक्सिजन संपतोय’ हा दुसरा नेहमीचा घोटाळा. माणसाला आधी गाठतो तो कार्बन डायऑक्साइड. १०० घनमीटरच्या बंद कप्प्यात दहा जण असतील तर १५ तासांत तो ३ टक्क्यांवर जातो. ऑक्सिजन तेव्हाही १७ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे श्वास घेता येतोय, पण धाप लागलीय, डोकं ठणकतंय, निर्णय चुकतायत. अभिनेत्याला करायला इथे केवढं तरी आहे. ऑक्सिजन देणाऱ्या रासायनिक कॅसेटही सांभाळून वापरा: तेलकट पाण्याशी संपर्क आला की त्या भडकतात. २००० साली बुडालेल्या ‘कुर्स्क’ या रशियन पाणबुडीच्या नवव्या कप्प्यात २३ जण जिवंत उरले होते; तिथली शेवटची आग अशीच लागली असं मानलं जातं.

किरकोळ गोष्टी: लढाऊ पाणबुडीला खिडक्या नसतात. सोनारचा (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून शोध घेणाऱ्या यंत्राचा) ‘पिंग’ सतत वाजवू नका, त्याने स्वतःचाच ठावठिकाणा कळतो. खलाशी गुपचूप ऐकत बसतात. समुद्राचं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि हा धोका पटकथांत फार कमी वापरला जातो.

शेवटी सुटका. ३०० मीटरवर ७५ सेंटिमीटरच्या हॅचवर १३० टनांहून जास्त भार असतो, ती खांद्याने ढकलून उघडत नाही. सुटकेच्या कप्प्यात आधी पाणी भरून दाब सारखा करावा लागतो. इतक्या खोलवरून माणूस असा वर आणूही नका. पाणबुडी ३०-४० मीटरवर बसवा. श्वास घेता येईल असा सूट नसेल तर पात्राने वर जाताना श्वास रोखायचा नाही, सतत सोडत राहायचा. वर जाताना फुप्फुसातली हवा फुगते आणि कोंडली तर फुप्फुस फाटतं. हे आधीच्या एखाद्या प्रसंगात कोणाच्या तरी तोंडून सांगून ठेवा. मग कॅमेरा फक्त ओठांतून निघणाऱ्या बुडबुड्यांवर ठेवा. ते थांबले की काय झालं, हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागणार नाही.