वेबमेलवर मेल दिसतोय पण थंडरबर्ड-आउटलुकमधे नाही? अकाऊंट काढायच्या आधी हे बघा

आमच्याकडे इंदूरला गणपती जवळ आले की दोन गोष्टी हमखास होतात, झांक्यांची (चित्ररथांची) चर्चा सुरू होते आणि मंडळाच्या सेक्रेटरी काकांच्या कॉम्प्युटरवर मेल येणं बंद होतं. मागच्या खेपेला फोन आला तेव्हा मी पोह्यांवर जीरावन (आमच्याकडचा मसाला) टाकत होतो. काका म्हणाले, अरे फोनवर वर्गणीचे मेल दिसतायत, इथे एकही नाही, दुकानातला मुलगा आलाय, म्हणतोय अकाऊंट काढून परत टाकतो, टाकू दे का? मी म्हटलं काका, त्याला चहा पाजा पण माउसला हात लावू देऊ नका, मी येतो.

कारण सांगतो. "काढून परत टाका" हा सल्ला दहातल्या काही वेळा चालतो, पण अकाऊंट पॉपवर (मेल आणायची एक पद्धत, पुढे सांगतो) लावलेलं असेल तर त्याच सल्ल्याने कितीतरी वर्षांचे मेल कायमचे जाऊ शकतात, आणि आमच्या घरीच हे एकदा झालंय. म्हणून मी आता ठरलेल्या क्रमाने जातो, तोच इथे लिहितोय. मेनूंची नावं थंडरबर्ड आणि जुन्या पद्धतीच्या आउटलुकची, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल वाचायच्या प्रोग्रामांची आहेत, तुमच्याकडे एखादा शब्द इकडेतिकडे असेल, पण गोष्ट तीच.

आधी बघा की दुखणं कुठे आहे

ब्राउझर उघडा, जीमेल, याहू, आउटलुक डॉट कॉम, जे काय असेल ते वेबमेल तिथे लॉगिन करा, आणि स्वतःलाच एक मेल पाठवा, सब्जेक्टमधे "टेस्ट" आणि वेळ लिहा म्हणजे नंतर गोंधळ नाही. तो वेबमेलवरच नाही आला तर प्रोग्रामचा काही दोष नाही, बहुतेक जागा भरलेली असते. गूगलची फुकटची १५ जीबी ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असते, म्हणजे नातवाच्या मुंजीच्या व्हिडिओंनी मेल अडतो, आणि काकू म्हणतात मी तर मेल वापरतच नाही.

वेबमेलवर आला आणि कॉम्प्युटरवर नाही आला, तर प्रोग्राम काय म्हणतोय ते वाचा. लोक तो डबा वाचायच्या आधीच ओके दाबतात, ह्याचं मला फार आश्चर्य वाटतं, अर्धं उत्तर तिथेच असतं. "ऑथेंटिकेशन फेल्ड" म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलो पण त्याने ओळख दिली नाही, पासवर्डचं काम आहे. "टाइम्ड आउट" म्हणजे दारापर्यंतच पोचलो नाही, नेट किंवा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) किंवा अँटिव्हायरस. आणि काहीच बोलत नाही, मुकाट्याने बसलाय, तर मेल बहुतेक आलेला आहे, तुम्हाला दिसत नाहीये.

मुका प्रोग्राम

हे सगळ्यात सोपं, म्हणून आधी. आउटलुकमधे खाली पट्टीवर "वर्किंग ऑफलाइन" लिहिलंय का बघा, असेल तर सेंड-रिसीव्ह टॅबमधे जाऊन वर्क ऑफलाइन बंद करा आणि एफ नाइन दाबा. थंडरबर्डमधे फाइल मेनूत ऑफलाइन आहे. लाइट गेली, मॉडेम बंद पडला, तेव्हा कधीतरी कोणीतरी हो म्हणून ठेवलेलं असतं.

मग यादी कशावरून लावलीय ते बघा. काकांकडे एकदा माझे दीड तास गेले, सर्व्हर बदलून पाहिला, नेट बदलून पाहिलं, शेवटी निघालं काय तर यादी तारखेऐवजी पाठवणाऱ्याच्या नावावरून लागली होती, सगळे नवीन मेल मधेच कुठेतरी "म" आणि "र" मधे आरामात बसलेले. वरच्या डेट ह्या शब्दावर एकदा क्लिक करायचं, झालं. तसाच थंडरबर्डचा क्विक फिल्टर, त्यातली खिळ्याची खूण दाबली गेली की तो फिल्टर फोल्डर बदलला तरी लागूच राहतो, आणि माणूस म्हणतो माझे मेल उडाले. जंक फोल्डरही बघा, थंडरबर्ड स्वतःच्या अकलेने काही मेल तिकडे सरकवतो, अकाऊंट आयमॅपवर (ही दुसरी पद्धत, तीही पुढे) असेल तर तो मेल वेबमेलवरही जंकमधेच जाऊन पडतो.

फक्त जुने मेल दिसत नसतील तर आउटलुकच्या अकाऊंट सेटिंगमधे "मेल टू कीप ऑफलाइन" अशी सरकपट्टी असते, ती तीन महिने किंवा एक वर्षावर असली तर मागचं येणारच नाही, ऑल वर न्या. एखादं लेबल, म्हणजे जीमेलचा फोल्डर, येतच नसेल तर जीमेलच्या सेटिंगमधे लेबल्स उघडा, प्रत्येक लेबलासमोर "शो इन आयमॅप" चा चौकोन असतो, आणि थंडरबर्डमधे अकाऊंटवर राइट क्लिक करून सबस्क्राइब. जीमेलमधे फोल्डरमागे १,००० किंवा २,००० मेलांची मर्यादा लावायचीही सोय आहे, ती कोणी लावून ठेवली नाही ना तेही बघून घ्या.

पॉप की आयमॅप, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका

थंडरबर्डमधे अकाऊंट सेटिंग्ज, मग सर्व्हर सेटिंग्ज, अगदी वरच सर्व्हर टाइप लिहिलेला असतो. आउटलुकमधे फाइल मेनूत अकाऊंट सेटिंग्ज उघडलं की यादीत टाइपचा कॉलम असतो.

आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात, तुमचा प्रोग्राम आणि फोन दोघं तेच खातं खिडकीतून बघतात, इथे वाचला की तिथेही वाचलेला दिसतो. पॉप म्हणजे पोस्टाची पेटी, प्रोग्राम येतो, पत्रं घेऊन घरी जातो, आणि "लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर" वर टिक नसेल तर पेटी रिकामी. म्हणून "घरच्या कॉम्प्युटरवर सगळं आहे आणि फोनवर काही नाही" अशी तक्रार आली की नव्वद टक्के पॉप समजा (हा टक्का माझ्या मनाचा आहे). जीमेलला पॉप लावला असेल तर आणखी एक गंमत, पॉपने मेल उचलल्यावर जीमेलने आपल्या कॉपीचं काय करायचं ते त्याच्या सेटिंगमधे ठरवता येतं, तिथे आर्काइव्ह लिहिलं असेल तर वेबमेलचा इनबॉक्स रिकामा दिसतो पण मेल "ऑल मेल" मधे सुखरूप असतात. पॉपवर तुम्ही केलेले फोल्डर, आणि सहसा पाठवलेले मेलही, त्या एका कॉम्प्युटरवरच असतात, प्रोग्राम ते कुठेच सिंक करत नाही, कितीही डोकं आपटलं तरी.

आता घरचा किस्सा. वडिलांचं अकाऊंट पॉपवर होतं, सर्व्हरवर काही ठेवायचं नाही अशी सेटिंग, दुरुस्तीला आलेल्या माणसाने थंडरबर्डमधून अकाऊंट काढलं, तेव्हा "मेसेज डेटा पण काढायचा का" असा चौकोन येतो, त्याने टिक केली, नऊ वर्षांचा पत्रव्यवहार गेला. अकाऊंट परत टाकलं, परत काय येणार, सर्व्हरवर होतंच काय. वडील काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून आता मी कशालाही हात लावायच्या आधी कॉपी करतो. थंडरबर्डमधे हेल्प, मग ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर ओपन फोल्डर, तो फोल्डर उघडून ठेवा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा, आणि अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. आउटलुकच्या पॉपवाल्यांनी पीएसटी फाइल (आउटलुक मेल जिच्यात साठवतो ती) घ्या, तीही आउटलुक बंद करूनच.

पासवर्ड बरोबर आहे, तरी चूक म्हणतोय

हल्ली सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि बिचारे खरंच बरोबर पासवर्ड टाकत असतात. झालंय असं की जीमेलने साध्या खात्यांसाठी नुसता पासवर्ड घेऊन आत सोडणं ३० मे २०२२ पासून बंद केलं, आउटलुक डॉट कॉमने १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता प्रोग्रामने गूगलची किंवा मायक्रोसॉफ्टची स्वतःची लॉगिन खिडकी उघडायची, तुम्ही तिथे साइन इन करायचं, आणि प्रोग्रामला एक वेगळी परवानगी मिळते, ह्या पद्धतीला ओऑथ टू म्हणतात. प्रोग्राम जुन्या सेटिंगवर असेल तर तुम्ही पासवर्ड शंभरदा टाका, नकारच मिळणार.

थंडरबर्डमधे सर्व्हर सेटिंग्जमधे "ऑथेंटिकेशन मेथड" असतं, तिथे "नॉर्मल पासवर्ड" असेल तर "ओऑथ टू" करा. पाठवण्याच्या सर्व्हरचं वेगळं असतं, डावीकडे सगळ्यात खाली आउटगोइंग सर्व्हर, तिथेही करा, हे विसरतात आणि मग मेल येतात पण जात नाहीत. मग सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेव्ह्ड पासवर्ड्स, तिथले त्या अकाऊंटचे जुने सगळे काढून टाका आणि प्रोग्राम बंद करून उघडा, गूगलची खिडकी आली पाहिजे. खिडकी पांढरीच राहिली किंवा फिरतच बसली तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या त्याच पानावर कुकीज बंद केलेल्या असतात, चालू करा. आउटलुक पुन्हापुन्हा पासवर्ड मागत असेल तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधे (पासवर्ड जिथे साठतात तिथे) जुनी नोंद अडकलेली असते, ती काढा.

आउटलुक २०१० किंवा २०१३ असेल तर त्याला ती गूगलची खिडकी उघडताच येत नाही. जीमेलसाठी मग अॅप पासवर्ड: गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, अॅप पासवर्ड बनवायचा, १६ अक्षरं मिळतात, ती नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायची. याहूलाही असाच चालतो. एक लक्षात ठेवा, गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने अॅप पासवर्ड रद्द होतात, आणि "काल तर चालत होतं" ह्याचं उत्तर कितीतरी वेळा हेच असतं, घरात कोणीतरी पासवर्ड बदललेला असतो आणि कबूल करत नाही.

आणि नेटवर जुन्या लेखांत "जीमेलच्या सेटिंगमधे जाऊन आयमॅप इनेबल करा" लिहिलेलं असतं ना, ते शोधत बसू नका, साध्या जीमेलमधे जानेवारी २०२५ पासून तो पर्यायच गेला, आयमॅप कायम चालू असतो.

दारापर्यंतच पोचत नाही

हे आकडे एकदा जुळवून बघा. जीमेल घेण्यासाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल (सुरक्षित जोडणीचा प्रकार, खालचा स्टार्ट टीएलएसही तसाच). पाठवायला एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ एसएसएल किंवा ५८७ स्टार्ट टीएलएस. याहू घेण्यासाठी आयमॅप डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, ९९३. आउटलुक डॉट कॉम घेण्यासाठी आउटलुक डॉट ऑफिस ३६५ डॉट कॉम सगळं जोडून, ९९३, आणि पाठवायला एसएमटीपी-मेल डॉट आउटलुक डॉट कॉम, ५८७. कुठे २५ दिसला तर बदला, बरेच नेटवाले तो बंद ठेवतात.

आकडे बरोबर असूनही अडलं तर फोनचा हॉटस्पॉट लावून बघा. हॉटस्पॉटवर चाललं तर भैया, दोष तुमच्या वायफायचा नाहीतर ऑफिस-कॉलेजच्या फायरवॉलचा, प्रोग्रामशी भांडू नका. तिथेही नाही चाललं तर अँटिव्हायरसमधलं मेल स्कॅनिंग दहा मिनिटं बंद करून तपासा, तो मधे बसून सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) बदलतो आणि प्रोग्राम बिचकतो.

सर्टिफिकेटची तक्रार असेल तर खाली उजवीकडे घड्याळ बघा. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागे जाते, आणि मग प्रोग्रामला वाटतं हे सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. काकांच्या त्या मागच्या खेपेच्या दुखण्याचं मूळ हेच होतं! सेल चहा-पोह्याच्या पैशांत येतो. दुकानातल्या त्या मुलानेच जाऊन आणून बसवला, चांगला मुलगा आहे, फक्त घाई फार.

पाठवायला गेलेला मेल आउटबॉक्समधे अडकला असेल तर बहुतेक अटॅचमेंट मोठी असते. जीमेलची मर्यादा २५ एमबी, आणि मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २० एमबीच्या आसपासचीही अडू शकते. आउटलुक ऑफलाइन करा, तो मेल ड्राफ्टमधे ओढा, फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या.

एकच फोल्डर बिघडलाय

थंडरबर्डमधे फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. ह्याने एमएसएफ नावाची अनुक्रमणिकेची फाइल नव्याने बनते, मेल जात नाहीत, तरी पॉप असेल तर कॉपी घेतल्याशिवाय मी करत नाही. आउटलुकच्या पीएसटीसाठी स्कॅनपीएसटी नावाचं अवजार ऑफिसच्या फोल्डरमधेच असतं. आणि ती फाइल ५० जीबीला पोचली की नवीन काही घेत नाही, तेव्हा आधी आकार बघा.

एवढं सगळं करूनही नाही झालं, अकाऊंट आयमॅपच आहे, वेबमेलवर सगळे मेल डोळ्यांनी बघितलेत, कॉपी पेनड्राइव्हवर आहे, तर मग खुशाल काढा आणि परत टाका. फक्त त्यानंतर धीर धरा. आयमॅपने दिवसाला साधारण २,५०० एमबीच उतरवू देतं जीमेल, त्याच्या वर गेलात तर खातं थोडा वेळ अडवतं, म्हणजे दहा जीबी मेल असतील तर चार दिवस धरा. तोवर पीसीची स्लीप बंद ठेवा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की रात्री स्विच बंद करू नका. आमच्याकडे आईने दुसऱ्याच रात्री केला.