विमान सोनेगावला उतरलं, पण गावची शेवटची गाडी कधीची? या चुका टाळा

चार वाजून वीस मिनिटांनी माझं विमान नागपूरला, म्हणजे आपल्या सोनेगावला, उतरलं. बॅग घेऊन बाहेर आलो आणि सरळ टॅक्सीवाल्याला म्हटलं, "गणेशपेठ." बसस्टँडवर खिडकीची जागा मिळाली, म्हणून खूश होतो. साडेपाचला गाडी हलली. गर्दीतून वाट काढत ती वर्धा रोडला लागली आणि बऱ्याच वेळाने बाहेर पाहतो तर शेजारी तोच विमानतळ. म्हणजे पैसे देऊन उलटं शहरात गेलो आणि तिकीट काढून पुन्हा तिथंच आलो!

राळेगावला, म्हणजे आमच्या तालुक्याला, पोचायला पावणेनऊ झाले. आमच्या गावची मुक्कामी गाडी साडेसातलाच सुटलेली. स्टँडवरचा चहावाला शटर ओढता ओढता म्हणाला, "थे त कवाचीच गेली जी, भाऊ." मग अठरा किलोमीटरवरून भाचा मोटरसायकल घेऊन आला. बॅग टाकीवर, मी मागे, आणि रस्त्यात रानडुकरं आडवी येतील म्हणून भाचा सारखा हॉर्न वाजवत होता. पुणे ते नागपूर सव्वा-दीड तास, आणि नागपूर ते घर सहा तास.

चूक गणेशपेठला जाण्याची होती, पण त्याआधीची एक मोठी चूक पुण्यात बसून तिकीट काढताना झाली होती. स्वस्त दिसलं म्हणून दुपारचं विमान घेतलं. गावाकडे जायचं असेल तर हिशोब शेवटच्या गाडीपासून मागे करत यावा लागतो. मुक्कामी गाडी संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री गावात थांबते आणि पहाटे परत जाते. ती गेली की दुसरी नाही. माझा हिशोब असा हवा होता: साडेसातला मुक्कामी, म्हणजे सातला राळेगाव, म्हणजे साडेतीनपर्यंत नागपूर सोडलेलं. चार-वीसचं विमान त्यात कुठेच बसत नाही. विमान उशिरा आलं तर काय, हा प्रश्न तर मी स्वतःला विचारलाही नव्हता.

आधी दिशा बघा

विमानतळ शहराच्या दक्षिणेला, वर्धा रोडवर आहे. वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ, पांढरकवडा, चंद्रपूर या बाजूच्या एसट्या गणेशपेठहून निघून याच रस्त्याने बाहेर पडतात. मग शहरात का जायचं? हातात एकच बॅग असेल तर ऑटो किंवा टॅक्सीने पुढे वीसेक किलोमीटरवर बुटीबोरी गाठावी. तिथे बहुतेक गाड्या थांबतात. फक्त जागा मिळेलच असं नाही, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत उभं राहायची तयारी हवी. सोबत म्हातारी माय, दोन पोरं आणि खोके असतील तर मी आजही गणेशपेठलाच जाईन. उलटा फेरा पडतो, पण बसायला तर मिळतं.

छत्रपती चौकात हात दाखवून गाडी पकडू, असं काही जण सांगतात. त्या रस्त्यावर आता 3.14 किलोमीटरचा दुमजली उड्डाणपूल आहे, वर मेट्रो आणि मधे गाड्या. तुमची एसटी पुलावरून गेली तर खाली उभं राहून हात कोणाला दाखवणार?

भंडारा, गोंदिया, उमरेड, काटोल, अमरावती इकडे जाणाऱ्यांना हा फायदा नाही. त्यांची वाट वेगळी फुटते.

मेट्रोत होणारी फसगत

मेट्रो स्वस्त आहे आणि वेळेवर आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सीताबर्डीकडे मोर्चे आणि बंदोबस्त, खालचा रस्ता तुंबलेला. अशा वेळी तिच्याशिवाय पर्यायच नाही. पण स्टेशन टर्मिनलला चिकटून नाही, ते बाहेर वर्धा रोडवर आहे. बॅगा ओढत चालत जायचं की फीडर बस किंवा ऑटो करायचा, ते आतच ठरवून बाहेर पडा.

दुसरं, नावं सारखी आहेत. एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट अशी तीन स्टेशनं एकापाठोपाठ आहेत. आमचे एक काका मला घ्यायला आले आणि "नवीन म्हणजे चांगलं असल" म्हणून न्यू एअरपोर्टला उतरले. ते तिकडे मिहानच्या बाजूला. टर्मिनलसाठी नुसतं एअरपोर्ट.

गणेशपेठला जायचं तर ऑरेंज लाइनने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून ॲक्वा लाइनने प्रजापती नगरच्या दिशेला पुढचंच कॉटन मार्केट. तिथून थोडं चालणं. रेल्वे पकडायची असेल तर आधी बघा की तुमची गाडी अजनीला थांबते का. थांबत असेल तर मेट्रोतून जवळच्या काँग्रेस नगरला उतरलं की झालं, मुख्य स्टेशनपर्यंत जाण्याची गरज नाही.

रेल्वेवरून आठवलं. हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूरकडे जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामहून वळतात, वर्धा स्टेशन त्यांना लागतच नाही. घ्यायला येणारा माणूस वर्ध्याच्या फलाटावर आणि तुम्ही सेवाग्रामच्या, असं झालं की दोघंही फोनवर ओरडतात, "मी त इथंच उभा आहो!"

टॅक्सी करताना गावाचं नाव नीट सांगा

प्रीपेड काउंटर असो की ॲप, शहरातल्या शहरात दोन्ही ठीक. खेड्यात जायचं म्हटलं की भाव बदलतो, कारण परतीची सवारी मिळत नाही आणि दोन्ही बाजूंचे किलोमीटर लागतात. त्यात ड्रायव्हरला वाईट म्हणण्यासारखं काही नाही, पण गाडीत बसण्याआधी बोलून घ्या: परतीचं भाडं धरलं का, टोल कोणाचा, रात्र झाली तर जास्तीचं किती, आणि सोडणार कुठपर्यंत? "गावात" म्हणजे फाट्यावर की दारात, हे ठरवाच. पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी असलं की कोणताही शहाणा ड्रायव्हर गाडी घालणार नाही. मग बॅगा डोक्यावर तुमच्या.

विदर्भात एकाच नावाची गावं ढीगभर. कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात, कारंजा लाड वाशिम जिल्ह्यात, मधे शंभरावर किलोमीटर. मंगरूळ म्हणाल तर कोणतं, पीर की दस्तगीर? आर्वी आणि आर्णी तर फोनवर ऐकू सारखीच येतात. ॲपमध्ये जे पहिलं नाव दिसतं त्यावर बोट ठेवू नका, तालुका आणि जिल्हा वाचा. एसटीची पाटी वाचतानाही तेच.

"समृद्धीनं नेतो, लवकर पोचान" हे ऐकून हरखू नका. समृद्धीवरून उतरता येतं ते ठरलेल्या इंटरचेंजवरच. तुमचं गाव जुन्या रस्त्यावर असेल तर टोल भरून पुन्हा मागे यावं लागेल. दुचाकीला त्यावर बंदी आहे, त्यामुळे भाच्याला मोटरसायकल घेऊन इंटरचेंजच्या बाहेर थांबायला सांगा.

चार माणसं असली की गावापर्यंत टॅक्सी स्वस्त पडते, असं सगळे म्हणतात. हिशोब करून पाहा. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरीच्या वरच्यांना प्रवास फुकट. माय, बायको आणि मी निघालो की एसटीचं तिकीट दीड माणसाचं होतं. माझ्या मते तालुक्यापर्यंत एसटी आणि पुढे काळीपिवळी (सवाऱ्या भरून नेणारी जीप) किंवा ओळखीचा ऑटो, हेच बरं. काळीपिवळीसाठी सुटे पैसे ठेवा. तिथे फोनला रेंज नसते, मग स्कॅन करून पैसे कुठून देणार?

पश्चिम विदर्भातल्यांनी तिकीट काढण्याआधी अमरावतीचं बेलोरा विमानतळही बघावं. एप्रिल 2025 मध्ये तिथून मुंबईची सेवा सुरू झाली. फक्त वार आणि वेळ जुळते का, ते आधी तपासा.

आता मी निघण्याच्या आदल्या दिवशी गावात एक फोन करतो. मुक्कामीचे ड्रायव्हर-कंडक्टर आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झोपतात आणि समोर पानठेला आहे. डेपोच्या चौकशीला फोन लागो न लागो, पानठेलेवाल्याला सगळं ठाऊक असतं. मागच्या श्रावणात त्यानंच सांगितलं, "दोन दिवस झाले, गाडी येऊन नाही राह्यली, रपट्यावर पाणी हाय." मी ती रात्र नागपुरात मावशीकडे काढली आणि सकाळच्या गाडीने निघालो.