मुलांना राखणदार देवदूताची प्रार्थना कशी शिकवायची

२ ऑक्टोबरला आपल्याकडे गांधीजयंतीची सुट्टी असते आणि त्याच दिवशी कॅथलिक चर्चमध्ये राखणदार देवदूतांचा, म्हणजे लहानपणापासून प्रत्येकाला सांभाळणाऱ्या दूतांचा, सण असतो, त्यामुळे शिकवायला तोच दिवस धरा, घाई नसते.

पण सुरुवात प्रार्थनेने करू नका. आधी गोष्ट सांगा. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १२. मी माझ्या मुलीला रात्री लाइट बंद करून सांगितली होती. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात, दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मध्ये गाढ झोपलेला, आणि दूत येऊन त्याच्या कुशीत मारून त्याला उठवतो (इथे मुलांच्या कुशीत हळूच मारा, खूप आवडतं त्यांना). साखळ्या गळून पडतात. मग दूत म्हणतो कंबर बांध, वहाणा घाल, अंगरखा घे. इथे थांबा आणि विचारा, ज्याने साखळ्या तोडल्या त्याला वहाणा नसत्या घालता आल्या का? माझी मुलगी लगेच म्हणाली, "त्या तर त्याच्या त्यालाच येतात ना घालता!" बस, हेच त्यांना कळायला हवं. जे पेत्राला जमणारं नव्हतं ते दूताने केलं, लोखंडी दरवाजासुद्धा आपोआप उघडला, पण चालायचं पेत्रानेच. म्हणून रस्ता क्रॉस करताना दोन्हीकडे बघायचं ते बघायचंच, देवदूत आहे म्हणून सूट नाही.

मग प्रार्थना. ती छोटीच आहे, आणि तिच्यात दूताकडे चार गोष्टी मागतात, उजेड दाखव, राख, सांभाळ, वाट दाखव. पाठ करून घेण्याआधी चारही बोटांवर मोजून घ्या आणि प्रत्येकाला त्या दिवसातलं काहीतरी जोडा, म्हणजे उद्या गणिताचा पेपर आहे तर उजेड, स्कूलबसमध्ये राख, असं. आठवडाभर रोज झोपताना एकदा म्हटली की येते. प्रोटेस्टंट घरात दूताकडे काही मागत नाहीत, थेट देवाकडे मागतात, तिथे बायबलमधलं ९१वं स्तोत्र शिकवा, त्यात देव आपल्या दूतांना तुझं रक्षण करायची आज्ञा देतो असं आहे.

मात्र हेच स्तोत्र सैतानानेपण वापरलंय बरं का! मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणतो उडी टाक, दूत तुला झेलतील, आणि येशू सरळ सांगतो की देवाची परीक्षा पाहू नकोस. तेव्हा देवदूत म्हणजे ताईत नाही हे मुलांना स्पष्ट सांगा. आणि दूताला नाव ठेवायला देऊ नका, मुलं हमखास मागतात. मायकल, गॅब्रिएल, राफाएल ही तीन कॅथलिक बायबलमधली, बाकी नावं आपल्या मनाने द्यायची नाहीत असंच चर्चपण सांगतं. दूताची पूजासुद्धा नाही, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, योहान पाया पडायला जातो तर दूतच त्याला अडवतो, म्हणतो मीपण तुझ्यासारखा सेवकच आहे, नमन देवाला कर.

आता कठीण भाग, आणि कृपा करून तो गाळू नका. त्याच १२व्या अध्यायाच्या सुरुवातीला हेरोद राजा येशूच्या दुसऱ्या एका शिष्याला, याकोबाला, तलवारीने मारतो. मोठं मूल विचारणारच, त्याच्याकडे दूत का नाही आला? आमच्याकडे हा प्रश्न आजी गेली त्या वर्षी आला, घरात सगळे रोज प्रार्थना करत होतो तरी ती गेली. तेव्हा मी मुलीला गेथशेमनेची, येशूला क्रूसावर देण्याच्या आदल्या रात्रीची, गोष्ट वाचून दाखवली, लूक २२, तिथे येशूकडे दूत येतो, पण क्रूस टळत नाही, दूत त्याला फक्त बळ देतो. आणि मग लूक १६ मधला गरीब लाजरस, दारात पडून असलेला, अंगभर फोड, तो मेल्यावर दूत त्याला उचलून अब्राहामाच्या उराशी नेतात. दफनाच्या वेळी चर्चमध्ये म्हणतात ना, देवदूत तुला स्वर्गात घेऊन जावोत, ते ऐकताना मुलीने माझा हात दाबला आणि कानात विचारलं, "आजीचा तोच का, लहानपणापासूनचा?" मी म्हटलं हो, तोच.