शिकण्यासाठी ओपन सोर्स अ‍ॅप कसं निवडावं आणि त्याचा कोड कुठून वाचावा

कोड ठेवायच्या गिटहब या साइटवरचे स्टार मोजून अ‍ॅप निवडू नका. स्टार प्रसिद्धी सांगतात, कोड वाचण्याजोगा आहे का ते सांगत नाहीत. तुम्ही स्वतः रोज वापरता असं अ‍ॅप घ्या. कुठलं बटण दाबल्यावर काय व्हायला हवं हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं, आणि पुढे सगळं त्यावरच चालतं.

शोधायची जागा म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपचं भांडार एफ-ड्रॉइड. २०१० पासून चालू असलेल्या या भांडारात फक्त मुक्त सॉफ्टवेअर असतं आणि प्रत्येक अ‍ॅपच्या पानावर सोर्स कोडची लिंक नि लायसन्स, म्हणजे कोड वापरायच्या अटी, दिलेलं असतं. जावा वाचायचं असेल तर पॉडकास्टचं अँटेनापॉड घ्या, कोटलिन हवं असेल तर विकिपीडियाचं अँड्रॉइड अ‍ॅप. नव्या माणसाला मी विकिपीडियाच सुचवतो.

लायसन्स वाचाच. विकिपीडियाचं अ‍ॅप अपाची २.० खाली आहे, अँटेनापॉड जीपीएल ३ खाली. जीपीएलचा कोड आपल्या अ‍ॅपमध्ये घालून ते लोकांना दिलं, तर आपलाही कोड त्याच अटींवर खुला करावा लागतो. लायसन्सच नसेल तर कोड नुसता पाहायचा, उचलायचा नाही.

मग क्लोन करा, म्हणजे सगळा कोड आपल्या संगणकावर उतरवा, आणि त्यातून तयार केलेलं अ‍ॅप ('डेव्ह' प्रकारचा डिबग बिल्ड) फोनवर चालवा. डेटा वाचवायला फक्त शेवटची कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) उतरवा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. जुन्या बदलांचा इतिहास पुढे लागणार आहे.

आता खरी अडचण: हजारभर फायली समोर आहेत, वाचायचं कुठून? 'मेन अ‍ॅक्टिव्हिटीपासून (अ‍ॅप उघडल्यावर पहिल्यांदा दिसणाऱ्या स्क्रीनच्या कोडपासून) सुरू करा' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. मी तो मानून एका मोठ्या मेसेजिंग अ‍ॅपमध्ये तीन आठवडे घालवले. मेन अ‍ॅक्टिव्हिटीतून वीस वाटा फुटतात. मी प्रत्येक वाटेवर चार पावलं जायचो आणि परत फिरायचो. शेवटी एकही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कळली नाही.

सुरुवात स्क्रीनवर दिसणाऱ्या एका वाक्यापासून करा. फोनची भाषा मराठी ठेवा, विकिपीडियात एखादा लेख जतन करा आणि त्या वेळी दिसणारं मराठी वाक्य अँड्रॉइड स्टुडिओच्या 'फाइंड इन फाइल्स'मध्ये टाका (कोड लिहायच्या-वाचायच्या या साधनातला हा सगळ्या फायलींतला शोध). ते मराठी अनुवादांच्या स्ट्रिंग्ज फाइलमध्ये सापडेल. त्याच ओळीत त्या वाक्याचं इंग्रजी नाव असतं. आता ते नाव शोधा, म्हणजे ते वापरणारा कोड समोर येतो. 'ठीक आहे' किंवा 'जतन करा' असे एकदोन शब्द घेऊ नका, पन्नास ठिकाणी सापडतील. वाक्यात लेखाचं नाव किंवा आकडा असेल तर तेवढा भाग वगळा, फाइलमध्ये तो नसतो.

इथे हमखास अडकायला होतं. नाव कधी कोडऐवजी लेआउट फाइलमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या मांडणीच्या फाइलमध्ये सापडतं. तिथे बटणाचा आयडी अंडरस्कोअर घालून लिहिलेला असतो, तो तसाच कोटलिनमध्ये शोधला तर काहीच मिळत नाही. मांडणीला कोडशी जोडणारं व्ह्यू बाइंडिंग अंडरस्कोअर काढून पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतं. तसं लिहून शोधा. मी यात पूर्ण रविवार गमावला आहे.

बटण दाबल्यावर चालणारी ओळ सापडली की तिथे ब्रेकपॉइंट (अ‍ॅप थांबवणारी खूण) लावा, फोनवर बटण दाबा आणि एकेक पाऊल पुढे जा. लेखाची नोंद डेटाबेसमध्ये जाताना दिसेल. पान उतरवण्याचं काम मात्र मागे, स्क्रीनशिवाय चालणाऱ्या वेगळ्या सर्व्हिसमध्ये होतं, त्यामुळे धागा तुटल्यासारखा वाटतो. घाबरू नका. त्या सर्व्हिसमध्ये दुसरा ब्रेकपॉइंट लावा. वाटेतल्या इतर फायली उघडायचा मोह कटाक्षाने टाळा.

एखादी ओळ विचित्र वाटली की 'गिट ब्लेम' करा, म्हणजे ती ओळ कुठल्या कमिटमध्ये आली ते कळतं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या कमिटमध्ये बऱ्याचदा टी अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो त्यांच्या कामांची नोंद ठेवणाऱ्या फॅब्रिकेटर या साइटवर उघडला की ती ओळ का लिहावी लागली याची चर्चा वाचायला मिळते. पुस्तकात हे मिळत नाही.

एक धागा पूर्ण झाला की त्याच स्क्रीनवरचं दुसरं वाक्य घ्या. या वेळी निम्म्या फायली ओळखीच्या निघतील.