बी. बी. किंग ऐकायला सुरुवात कुठून करायची (हिट्सच्या यादीपासून तर नक्कीच नको)

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, ऐकायचंय, त्यातला गायक-गिटारवादक बी. बी. किंग याचं नाव कानावर आलंय, मग बहुतेक जण काय करतात तर ॲपवर नाव टाकतात, वरची दहा गाणी शफलवर लावतात आणि अर्ध्या तासात "सगळं सारखंच वाटतंय की" म्हणून बंद करतात. त्यांचं चुकत नाही. हा माणूस मुळात स्टुडिओत बसून अल्बम घडवणाऱ्यातला नव्हताच, रोज रात्री नवं गाव, नवा हॉल, नवे लोक हेच त्याचं काम होतं. 1956 साली त्याने एकेका रात्रीचे 342 कार्यक्रम केले. ते लीप वर्ष होतं, म्हणजे उरले जेमतेम 24 दिवस, आता बोला. म्हणून त्याला ऐकायचं तर लाइव्ह रेकॉर्डिंगपासून सुरुवात करा आणि सोबत तो कुठून कुठे फिरत होता हे थोडं माहीत करून घ्या, म्हणजे तो असा का वाजवतो ते आपोआप कळत जातं.

पहिलं लावायचं ते 'लाइव्ह ॲट द रीगल'. 21 नोव्हेंबर 1964, शिकागोच्या साउथ साइडमधलं रीगल थिएटर. पस्तीसेक मिनिटांचा मामला आहे, शफल बंद करा आणि एका बैठकीत ऐका. पहिल्या खेपेला गिटारकडे लक्षच देऊ नका, पब्लिक ऐका. बायका किंचाळतायत, कोणीतरी मधेच ओरडून उत्तर देतंय, आणि हा गडी त्यांच्या ओरडण्याला जागा सोडून वाजवतोय. 'हाउ ब्लू कॅन यू गेट' मध्ये सात पोरांचा उल्लेख येतो तिथे बँड थांबतो, तो ओळ टाकतो आणि थिएटर अक्षरशः फुटतं. ही ओळ त्याने त्याआधी कित्येक गावांत टाकून बघितली असणार, कुठे किती थांबायचं हे असं एका रात्रीत येत नाही हो.

दुसऱ्या खेपेला बार मोजा. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार झाले की चक्र पूर्ण, परत समेवर. गाण्याची एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी ओळ, प्रत्येकीला चार बार. पण ओळ साधारण दोन बारांतच संपते, उरलेल्या जागेत गिटार बोलते. आता नीट ऐका, तो गात असताना गिटार गप्प असते आणि गिटार वाजते तेव्हा तो गप्प असतो. गाता गाता कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजवणं आपल्याला जमत नाही हे तो स्वतःच सांगायचा. म्हणजे एकाच माणसाचे दोन आवाज, आळीपाळीने. हे एकदा कानात बसलं की "सगळं सारखंच" ही तक्रार निम्मी तरी संपते.

आता थोडं मागे जाऊ. मिसिसिपीत 16 सप्टेंबर 1925 चा जन्म, कापसाच्या शेतावर काम, नंतर ट्रॅक्टर चालवणं, मग मेम्फिस. तिथे डब्ल्यूडीआयए नावाच्या रेडिओ स्टेशनवर त्याला दहा मिनिटांचा कार्यक्रम मिळाला, त्यात पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात गायची आणि जाता जाता आपण कुठे वाजवणार आहोत तेही सांगून टाकायचं. खरी कमाई या दुसऱ्या गोष्टीत होती. रेडिओचा आवाज जिथवर जायचा तिथवर गिऱ्हाईक. मग 'थ्री ओ'क्लॉक ब्लूज' 1952 च्या सुरुवातीला आर ॲण्ड बी (रिदम ॲण्ड ब्लूज, काळ्या कलाकारांच्या गाण्यांची) यादीत पहिल्या नंबरावर गेलं आणि मेम्फिसबाहेरचे दरवाजे उघडले. हे गाणं रीगलनंतर ऐका, आधी नको. आवाज कोवळा आहे, गिटार अजून जरा घाईत आहे, आणि बारा वर्षांत काय बदललं ते समोरासमोर दिसतं.

मधली बारा वर्षं गेली चिटलिन सर्किटवर. वर्णभेदाच्या काळात काळ्या कलाकारांनी काळ्या प्रेक्षकांसमोर वाजवायच्या थिएटरांची, क्लबांची, गावाबाहेरच्या नाचघरांची ही साखळी. न्यूयॉर्कचं अपोलो किंवा हे रीगल म्हणजे त्यातली मोठी ठिकाणं, बाकी बहुतेक रात्री साध्या हॉलमध्ये. दक्षिणेत हॉटेलात खोली मिळेल याची खात्री नाही, जेवायला कुठे बसू देतील याची नाही. म्हणून त्याने बस घेतली, 'बिग रेड', त्यात अख्खा बँड. आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये त्या बसचा भीषण अपघात झाला, तो स्वतः बसमध्ये नव्हता, पण नेमका त्याच वेळी विमा लागू नव्हता, त्यामुळे भरपाईचं ओझं त्याच्या डोक्यावर आलं आणि ते फेडायला पुढची कित्येक वर्षं गेली. वर्षाला तीनशेच्या वर कार्यक्रम यामागे कलेची ओढ होतीच, पण बँडचे पगार आणि देणीही होती, हे चाहते सांगताना जरा गाळतात.

त्याच्या गिटारला लुसिल हे नाव कसं पडलं तो किस्सा सगळीकडे मिळेल, आर्कान्सॉमधलं ट्विस्ट गाव, 1949 चा हिवाळा, ऊब मिळावी म्हणून ठेवलेलं रॉकेलचं पिंप मारामारीत लवंडून आग, हा गिटार आणायला परत आत, आणि भांडण ज्या बाईवरून झालं तिचं नाव गिटारला. मला त्याहून आवडते ती नंतरची गोष्ट. पोकळ अंगाची गिटार मोठ्या आवाजात शिट्टी मारायला लागते, म्हणून तो तिच्या भोकांत कापड कोंबायचा, आणि 1980 मध्ये गिब्सनने लुसिल नावाचं मॉडेल काढलं त्यात ती भोकंच ठेवली नाहीत!

तिसरं रेकॉर्डिंग, 'लाइव्ह इन कुक काउंटी जेल'. सप्टेंबर 1970, शिकागोचा तुरुंग. सुरुवातीला शेरीफ आणि न्यायाधीशांची ओळख करून देतात तेव्हा कैदी जी काही हुर्यो उडवतात ती चुकवू नका, फॉरवर्ड करणारे नेमकं तेच चुकवतात. तोवर परिस्थिती पालटली होती. साठच्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर या रॉकच्या हॉलसमोर लांब केसांची गोरी पोरं रांगेत बघून त्याला वाटलं आपण चुकीच्या पत्त्यावर आलो, आणि आत गेला तर सगळे उभे राहून टाळ्या. 1968 मध्ये सिडनी सायडनबर्ग मॅनेजर म्हणून आला, मूळचा अकाउंटंट, आणि 1969 मध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवायची संधी. 'द थ्रिल इज गॉन' त्याच वर्षीचं. स्टुडिओ आवृत्तीत व्हायोलिनचा ताफा आहे, जेलमध्ये तो नाही, दोन्ही लागोपाठ लावा. मला जेलचीच जास्त आवडते, पण व्हायोलिनवाली नावडणारा माणूस अजून भेटला नाही.

स्वतः गिटार वाजवत असाल तर एवढं करा. ए सूर सा धरा, बी तारेवर दहाव्या फ्रेटला पहिलं बोट, तोच सा. त्याच तारेवर बाराव्या फ्रेटला रे आहे. तो अर्धा सूर ओढला की कोमल गंधार, पूर्ण ओढला की शुद्ध. ब्लूजचा गंधार या दोघांच्या मधेच कुठेतरी राहतो, मींड ऐकत वाढलेल्या कानाला तो पटकन सापडतो, बोटाला मात्र वेळ लागतो. मग त्या सा वर थांबा आणि मनगटातून हात हलवा, अंगठा गिटारच्या मानेवरून सोडून, फुलपाखरासारखा. सुरांची संख्या वाढवू नका. त्याचं अख्खं घर या चार-पाच फ्रेटांत आहे, वेगाने वाजवणारे त्याच्या काळातही ढिगाने होते.

शेवटच्या दहा वर्षांचे व्हिडिओ सगळ्यात शेवटी बघा. मधुमेह, खुर्चीत बसून कार्यक्रम, वाजवणं कमी आणि गप्पा जास्त, पहिल्यांदा तेच बघितलं तर हा म्हातारा एवढा थोर का म्हणतात असं वाटू शकतं. रीगल ऐकून गेलात तर त्या गप्पांतही तेच थांबणं, तीच जागा सोडणं ऐकू येईल. ऑक्टोबर 2014 मध्ये शिकागोत स्टेजवरच तब्येत बिघडली, उरलेला दौरा रद्द झाला, आणि 14 मे 2015 ला लास वेगासमध्ये तो गेला, 89 वर्षांचा होता.

आणि हो, हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बास ऐकूच येणार नाही आणि मग बारा बार मोजायला बसलात की सहाव्या-सातव्यातच हरवाल.